घाडीमामांनी दिलेली जागा

घाडीमामा गेले तेव्हा चाळीतल्या बायका माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, मंडळाच्या फळ्यावर चार शब्द तुम्हीच लिहा.’’ मी लिहिले नाहीत. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मग दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. त्यात ‘मंडळाचा आधारस्तंभ’ होता, ‘निःस्वार्थी क्रीडाप्रेमी’ होता. खोटं काहीच नव्हतं. फळ्यावर मावेल एवढं खरं होतं. उरलेलं मी आज लिहिते आहे आणि ते गोड नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी तेव्हा नायगावात राहायचे आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे चाळीला मी सगळ्यांची वाटायचे. कुणाला पत्र लिहायचं असलं, अर्ज लिहायचा असला की तो माझ्या दारात. मामा दोन खोल्या सोडून. मामा, मामी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा अंता. मामा गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस पिंजला जातो आणि हवेत सतत त्याची भुकटी असते. वीस-बावीस वर्षं ती भुकटी छातीत घेतलेला हा माणूस. बारीक, काळासावळा, सदा खोकणारा. पण हुतुतूचं मैदान दिसलं की त्याला खोकल्याचाही विसर पडायचा.

कागदावर त्या खेळाला कबड्डी म्हणत, पण आमच्याकडे तोंडात हुतुतूच. मामा स्वतः कधी धड खेळले नव्हते. तरुणपणी एकदा गावच्या संघात राखीव होते म्हणे, आणि राखीवच राहिले. तरी आमच्या चाळीच्या क्रीडा मंडळाच्या सामन्यात मामांचा शब्द चालायचा. का, ते कुणी विचारलं नाही. काही माणसांना हक्क द्यावा लागत नाही, ती तो घेऊन बसतात.

सामन्याच्या दिवशी मामा उजाडताच मैदानात अनवाणी उतरत. आदल्या दिवशी चाळून पसरलेल्या मातीवरून पाय घासत घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. तळव्याला खडा लागला की उचलून खिशात टाकत. हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. ‘‘डोळ्यांक खडो दिसना नाय गो बाय,’’ मला म्हणायचे, ‘‘तो पायाकच गावता.’’ मग चुन्याच्या रेघा. मग नळापासून मैदानापर्यंत बादल्यांची रांग आणि पाण्याचा शिडकावा. संध्याकाळपर्यंत मामांच्या पोटात चहाशिवाय काही नसायचं. सामना संपेपर्यंत जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. मामी त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायच्या आणि जिंकलो की हरलो हे त्यांना मामा ते ताट कसे उघडतात त्यावरून कळायचं.

आणखी एक खूळ होतं. लालबागचा संघ हिरवे बनियन घालायचा. त्यांच्याशी सामना असला की मामा गॅलरीतून फेरी मारत आणि दोरीवर हिरवं लुगडं दिसलं की त्या खोलीसमोर उभे राहत. ‘‘वयनी, ह्या आत घे.’’ ‘‘अहो, ओलं आहे!’’ ‘‘ओला तर ओला.’’ बायका कुरकुरत, हसत, पण लुगडं आत जायचं. माझं एक हिरवं पातळ त्या पायी दोन दिवस खोलीत ओलं राहून कुबट झालं. मी भांडले. मामा शांतपणे म्हणाले, ‘‘बाय, आपण जिकलो मां?’’ जिंकलो होतो.

चार वाजता मैदान भरायला लागायचं. पहिल्या पाळीची माणसं घरी न जाता थेट यायची, केसांत, भुवयांत कापूस तसाच. माझ्या शाळेतली दोन बाकं पाहुण्यांसाठी आणलेली असायची. ती कशी यायची ते हेडमास्तरांना माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. गॅलऱ्यांत बायका, जिन्यांवर म्हाताऱ्या, चणेवाल्याची ओरड. लोक चुन्याच्या रेघेला इतके चिकटून बसत की पकडीत घसरलेला गडी कुणाच्या तरी मांडीवर जाऊन पडायचा आणि तो माणूस महिनाभर ते सांगत फिरायचा. आणि मामा, फक्त सामन्याला काढायचा तो काळा कोट घालून, मध्यरेषेच्या टोकाशी उकिडवे. आमचा गडी चढाईला निघाला की मामा श्वास धरत. तो ‘हुतुतुतुतु’ करत समोरच्यांच्या अंगणात फिरतोय तोवर मामांचा श्वास बंद. तो परतला की मामांनी सोडलेला श्वास आणि त्यामागून आलेला खोकला मला दुसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा.

मी हे हसत लिहिते आहे, कारण तेव्हा आम्ही हसायचो.

ते दिवस चळवळीचे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा म्हणून परळ-लालबाग पेटलं होतं. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा संचारबंदी. गोळीबारात माणसं गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन दिवस फुटक्या सोडाबाटल्यांच्या काचा पडून होत्या. अशात स्पर्धा चालल्या होत्या, दिव्यांच्या उजेडात खेळायची बंदी म्हणून दिवसाउजेडीच. एकदा सामना रंगात आला असताना पोलीस आले. जमावबंदी होती, पाचांहून जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. मामा उठून पुढे गेले.

‘‘हवालदारसायबानू, सात गडी ह्या बाजूक, सात त्या बाजूक. पाचांत खेळ कसो होवचो? तुमीच सांगा.’’

‘‘घाडी, कायदा आहे. घरी जा सगळे.’’

‘‘जातो. किती गुण झाले इचारा आदी.’’

हवालदार जवळच्याच पोलीस लाइनीत राहणारा. त्याने विचारलं. आम्ही दोन गुणांनी मागे होतो. तो म्हणाला, ‘‘दहा मिनिटं. मी पलीकडं बघून येतो.’’ पलीकडे म्हणजे भिंतीच्या पलीकडे, आणि भिंतीवरून त्याची टोपी शेवटपर्यंत दिसत होती. त्या दिवशी आम्ही जिंकलो. हा किस्सा मामा इतक्या वेळा सांगत की हवालदारालाही तो स्वतःचा पराक्रम वाटायला लागला.

आम्ही जिंकायला लागलो ते यशवंत साटममुळे. येसू. कोकणातून आलेला, बावीस-तेवीसचा, लाजरा. बोलायला लागला की जमिनीकडे बघायचा. चढाईला निघाला की कुणाकडेच बघायचा नाही, आणि समोरचे सात जण त्याच्याकडे बघत राहायचे. गिरणीत तो बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असलं तर आत, नाहीतर घरी. जेवायला मामींकडे. त्याच फाटकाशी, त्याच रांगेत अंताही उभा राहायचा. अंता त्याच्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. त्याला खेळ येत नव्हता. तो बादल्या भरायचा, बनियनं धुवायचा.

पण अंताला एक भरवसा होता. आमच्याकडच्या गिरणी कामगारांत रीत होती. बाप काम सोडतो तेव्हा खात्यात माणसं भरणाऱ्या जॉबरच्या हातापाया पडून आपली जागा मुलाला देतो. जमीन गावी भावकीत अडकलेली, मुंबईत खोली भाड्याची, तेव्हा बापाकडून मुलाला मिळण्यासारखी ती एकच वस्तू. मामांची जागा अंताची, हे चाळीतल्या भिंतींनाही ठाऊक होतं. गावी त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवली होती. जागा झाली की लग्न, असं बोलणं झालं होतं.

मोसम सुरू व्हायला आठ दिवस होते तेव्हा बातमी आली की लालबागवाले येसूला नेतायत. त्यांच्याकडे दुसऱ्या गिरणीत कायमची जागा होती. मामा दोन दिवस चाळीत दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘बाय, येक अर्ज लिवन दी.’’

अर्ज असा होता की मी तब्येतीच्या कारणाने स्वखुशीने काम सोडत आहे, तरी माझ्या जागी माझा पुतण्या यशवंत साटम यास घ्यावे. जॉबरशी बोलणं मामांनी आधीच करून ठेवलं होतं. जॉबर आमच्या मंडळाचा अध्यक्षच होता.

‘‘पुतण्या?’’ मी म्हटलं.

‘‘लिव गो. नात्यातलोच म्हणान समज.’’

‘‘आणि अंता?’’

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खेळाचा साधा नियम विचारला होता. ‘‘अंता खंय पळता? तो घरातलो. येसो पळात.’’

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं. दोन खोल्या पलीकडे मामी भाकऱ्या थापत होत्या, त्यांचा आवाज येत होता. उठून सांगायला मला वीस पावलं पडली असती. मी नाही उठले, आणि का ते मला त्याच वेळी माहीत होतं. मलाही स्पर्धेचा कप हवा होता. दर सामन्याला मी गॅलरीत उलट्या बादलीवर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात खडूने लिहून शिकवायचे. येसू हिरव्या बनियनमध्ये आमच्यावर चढाई करतोय, हे चित्र मलाही सोसवत नव्हतं.

मोसमाच्या पहिल्या सामन्याला नेहमीप्रमाणे नारळ ठेवून गाऱ्हाणं झालं. कोकणातली ही पद्धत. एकाने देवाकडे मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी दर मागण्याला होकार भरायचा. गाऱ्हाणं मामांचंच. मध्यरेषेवर उभं राहून, हात जोडून त्यांनी सुरुवात केली.

‘‘बा रवळनाथा म्हाराजा! आज ही पोरां खेळाक उतारली हत, तेंच्या पायांत बळ दी रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ अख्खं मैदान.

‘‘तेंच्या छातयेत दम दी रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘आनी ह्यो येसो, आजपासून माझ्या घरातलो. माझी गिरणीतली जागा मी तेका दिलंय. ती तेका फळो रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

गाऱ्हाण्यात थांबून विचार करायची सोय नसते. वाक्य संपलं की तोंडातून होकार जातो. माझ्याही तोंडातून गेला. खाली पाण्याची बादली धरून अंता उभा होता आणि मी त्याचे ओठ हलताना पाहिले. त्यानेही होकार भरला होता. काय म्हणालो ते त्याला नंतर समजलं. त्याने बादली खाली ठेवली, मग पुन्हा उचलली आणि राहिलेल्या कोपऱ्यात पाणी शिंपडून आला. गॅलरीत माझ्या शेजारी मामी होत्या. त्यांनी मला विचारलं, ‘‘बाय, हे काय बोलले?’’ मी म्हटलं, ‘‘मला नीट ऐकू आलं नाही.’’

त्या वर्षी आम्ही एकही सामना हरलो नाही. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात आनंदाचे महिने होते, आणि हे लिहिताना माझी मलाच चीड येते. संचारबंदीत अडकलेले सामने पुढे ढकलले जात आणि वाट बघण्यातही मजा होती. मोर्चाच्या घोषणा तोंडात बसलेल्या, त्यामुळे आमचे लोक मैदानातही ‘कप मिळालाच पाहिजे’ ओरडत. येसू दिवसा गिरणीत मामांच्या यंत्रावर, दुपारनंतर मैदानात. मामा त्याचा डबा गिरणीच्या फाटकाशी नेऊन देत. वीस-बावीस वर्षं ज्या फाटकातून आत गेले त्याच्या बाहेर डबा घेऊन उभे राहत आणि जुन्या सोबत्यांना अभिमानाने सांगत, ‘‘आमच्या येसूचो डबो.’’ डबा भरायच्या मामी. त्यांनी एक दिवसही टाळलं नाही. फक्त त्या मामांशी बोलायच्या बंद झाल्या.

अंतिम सामना परळच्या मैदानावर, लालबागशीच. माणसं झाडांवर, भिंतींवर, उभ्या ट्रकच्या टपावर. आम्ही बायका पंधरा-वीस जणी चालत गेलो आणि कुणीच हिरवं नेसलं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला बरोबरी. येसू चढाईला गेला. डाव्या कोपऱ्याने, म्हणजे त्या टोकाला पकडीसाठी उभ्या गड्याने, त्याचा घोटा धरला, आणखी दोघे अंगावर पडले. त्या ढिगाखालून त्याचा एक हात मध्यरेषेकडे सरकत होता आणि त्याचा दम अजून ऐकू येत होता. बोटं रेघेला लागली. एका दमात तीन गडी. मग जे झालं ते मला सलग आठवतच नाही. कुणीतरी माझ्या गळ्यात पडून रडत होतं आणि मी तिला ओळखत नव्हते.

मामांनी मात्र ते पाहिलं नाही. येसूबरोबर श्वास धरून बसलेले मामा मधेच खोकल्याने वाकले ते वाकलेच. वर मान केली तेव्हा येसू लोकांच्या खांद्यांवर होता. त्यानंतर कितीतरी महिने मामा भेटेल त्याला धरून विचारत, ‘‘हात कसो सरकलो? सांग बगू परत.’’ अंतालाही विचारत. अंता सांगायचा.

पुढच्या मोसमाआधी येसू गेला. एका मोठ्या कचेरीने नवा संघ उभा केला होता. तिथे खुर्चीवरची नोकरी, पेन्शन आणि राहायला खोली. तो पेढ्यांचा पुडा घेऊन मामांच्या पाया पडायला आला. मी तिथेच होते. मामांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, ‘‘बरा झाला रे झिला,’’ म्हणाले. येसूने पुडा मामींपुढे केला. मामींनी घेतला नाही.

‘‘अंताक दी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जागा तेना दिल्यान तुका. ह्येंनी नाय.’’

येसू जमिनीकडे बघत राहिला. तो वाईट नव्हता. त्याला दिलं, त्याने घेतलं, त्याहून चांगलं मिळालं तेव्हा तिथे गेला. गाऱ्हाण्यातला होकार त्याने इतर लोकांसारखाच नुसती रीत म्हणून धरला होता. मामांनी मात्र तो खरा धरला. देवासमोर घरातलो म्हटलेला माणूस घर सोडून जातो, हे त्यांच्या हिशोबात बसतच नव्हतं.

मग दुसरा अर्ज. येसूने सोडलेली जागा माझा मुलगा अनंत यास मिळावी. तोही मीच लिहिला. या वेळी नातं खरं होतं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की आपण स्वखुशीने काम सोडले असून आपल्या नावे आता कोणतीही जागा नाही. जॉबरने त्या जागेवर स्वतःचा भाचा कधीच घेतला होता. मामांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, ‘‘येसो परत येतलो. बगशील तू. थयसर तेका आपला मैदान गावाचा नाय.’’

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. ‘‘मामा, अंताचं काय? मुलीकडच्यांनी नकार कळवलाय, माहीत आहे ना?’’

‘‘व्हय,’’ ते म्हणाले.

अंता घोडपदेवला वखारीत गोणी उचलायला लागला. त्याच्यावर घर चाललं. बापाला उलटून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो बोलला नाही. आमच्या मंडळाने त्यानंतर कप पाहिला नाही, आणि मीही गॅलरीत उभी राहायची बंद झाले. सामन्याच्या वेळी मी दार लावून वह्या तपासायचे.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी चाळीला रोषणाई झाली. मामा तेव्हा परळच्या इस्पितळात होते. छातीचं दुखणं. एका संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी गेले. अंता आधीच आला होता, खांद्यावर गोणीचे तंतू तसेच. बापाला उठवून त्याने पाठीला उशी लावली होती. मला कळलं की येसूच्या कचेरीच्या संघाचा सामना जिथे असेल तिथे अंता अर्धा दिवस मजुरी बुडवून जातो आणि इथे येऊन सांगतो. मामांनीच तसं सांगितलं होतं.

‘‘काल काय झाला?’’ मामांनी विचारलं.

‘‘जिंकले,’’ अंता म्हणाला. ‘‘येसूने शेवटी दोन गडी मारले.’’

‘‘कसो मारल्यान?’’

अंता सांगू लागला, सपाट आवाजात, काही न गाळता. मामांचे डोळे चमकायला लागले. त्यांनी चादर सारखी केली, बोटाने तिच्यावर मध्यरेषा ओढली आणि म्हणाले, ‘‘हात ठेव हंयसर. तू कोपरो.’’ अंताने आपला जाड, सोललेला पंजा चादरीवर ठेवला. मामांनी दोन बोटांचा येसू केला आणि धापा टाकत, तोंडातल्या तोंडात ‘हुतुतुतु’ म्हणत तो रेघेपलीकडे नेला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हूल दिली. मग बोटं झटकन अंताच्या हाताला टेकवून मागे घेतली आणि लहान मुलासारखे हसले.

‘‘बाद!’’ मामा म्हणाले. ‘‘तू बाद झालंस अंता. भायर हो.’’

अंताने चादरीवरचा हात उचलला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला.